पत्र्याखालची दुपार

मोटारीच्या नावपट्टीवर अश्वशक्ती, फेरे, अँपिअर यांच्या रांगेत एक आकडा असतो, तो गिऱ्हाईक कधी वाचत नाही. सभोवतालचं तापमान : ४० अंश. काही शेतीपंपांवर ४५ असतं. अर्थ असा की, याहून तापलेल्या हवेत ही मोटार पूर्ण भाराने चालवलीत तर आतल्या वायंडिंगची हमी नाही. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे : इन्सुलेशनचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. तीस वर्षं मी जळालेल्या मोटारी उघडतो आहे आणि हा ठोकताळा मला पाठ आहे. पण ज्या टिनाच्या शेडमध्ये बसून मी हे काम करतो, तिथे माणसासाठी कुठला आकडा लागू होतो, हा प्रश्न मला पहिली पंचवीस वर्षं पडलाच नाही.

शेड अकोल्यात, घराच्या मागच्या अंगणात. दहा फूट रुंद, वीस फूट लांब, साडेनऊ फुटांवर टीन. (आमच्याकडे पत्र्याला टीनच म्हणतात.) मोठे भाऊ आणि मी मिळून ते उभं केलं. उन्हाळा हा आमचा हंगाम. विहिरी खोल जातात, व्होल्टेज पडतं, पानबुड्या कोरड्या चालतात आणि जळतात. शेतकऱ्याची संत्र्याची बाग उभी असते, त्याला मोटार आजच हवी असते. त्यामुळे ज्या दुपारी माणसाने घरात पडून राहावं, नेमकी तीच दुपार आमची कामाची.

अशाच एका मे महिन्यात भाऊ कॉइलचे वेढे मोजत होते. वेढे मोजण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गप्पा मारतानाही त्यांची मोजणी चुकत नसे. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “किती झाले रे, बावीस का बत्तीस?” मी हसलो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. मग हातातली तार टाकून माझ्यावरच खेकसले. तिसऱ्यांदा बोलताना शब्द जड यायला लागले, तेव्हा मी उठलो. अंगाला हात लावला तर तवा. वर पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. कुलरच्या टाकीतलं पाणी बादलीने काढून मी त्यांच्या अंगावर ओतत राहिलो, रिक्षा येईपर्यंत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाणी ओतलंत म्हणून वाचले. वाचले खरे, पण त्यानंतर उन्हाचा दिवस त्यांना सोसेनासा झाला आणि वेढ्यांची मोजणीही पूर्वीची राहिली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आदल्या दिवशीचं कमाल तापमान होतं ४३ अंश. आमच्याकडे ४३ ही काही बातमी नव्हे. मग झालं काय, हे समजून घ्यायला मी लागलो ते आजतागायत. मी शिकलेला अभियंता नाही. आयटीआयनंतरचं जे काही आहे ते जुन्या पुस्तकांतून, रद्दीतून आणि अलीकडे इंटरनेटवरून गोळा केलेलं. त्यामुळे चुकाही भरपूर केल्या, त्यातल्या काही खाली येतीलच.

पहिला धडा मिळाला तो पेपरातल्या आकड्याचा. हवामान खातं तापमान मोजतं ते एका पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ती घडवणारे थॉमस स्टीव्हन्सन हे स्कॉटलंडचे दीपगृहांचे अभियंते. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे वडील. पेटीची रचना पाहण्यासारखी आहे. बाहेरून पांढरा रंग. छप्पर दुहेरी, मधे हवेची पोकळी. चारही भिंती तिरप्या पट्ट्यांच्या, म्हणजे ऊन आत येणार नाही पण वारा आरपार जाईल. दार उत्तरेला. एवढी सगळी खटपट कशासाठी, तर आतल्या तापमापकाला फक्त हवेचं तापमान कळावं, उन्हाचं किंवा तापलेल्या वस्तूंचं कळू नये म्हणून. म्हणजे पेपरात छापलेले ४३ अंश हे सावलीतले, वाऱ्यातले, पांढऱ्या दुहेरी छपराखालचे. काचेच्या दोन नळ्यांसाठी आपण जे घर बांधलं, त्यातली एकही गोष्ट आमच्या शेडमध्ये नव्हती. एकेरी टीन, तेही गंजून तपकिरी झालेलं, दोन बाजूंना विटांची भिंत, आणि दुपारी ‘झाव लागते’ म्हणून दार-खिडकी बंद.

मग मी टीन मोजायला निघालो आणि तिथे पहिली मोठी चूक केली. लांबून तापमान दाखवणारी बंदूक मिळते, ती घेतली. भावांच्या प्रकारानंतर मी अर्ध्या छपराचं टीन बदललं होतं. नव्या चकचकीत टिनावर बंदूक रोखली तर आकडा जुन्यापेक्षा फारच कमी. मी खूश. चार जणांना सांगितलंही की नवं टीन टाका, गार पडतं. पुढे कळलं की ही बंदूक तापमान मोजतच नाही. ती वस्तूतून बाहेर पडणारी अदृश्य किरणं मोजते आणि त्यावरून हिशेब करते. चकचकीत धातू अशी किरणं फार कमी सोडतो, त्यामुळे बंदूक फसते. उपाय साधा : आमच्या दुकानातलीच काळी इन्सुलेशन टेप टिनावर चिकटवायची, ती टिनाएवढी तापू द्यायची आणि बंदूक टेपवर रोखायची. तसं केलं तेव्हा नव्या टिनाचा आकडाही साठीच्या पुढे गेला. जुनं गंजकं टीन दुपारी दोनला ६५ अंशांच्या आसपास. ज्या चार जणांना सांगितलं होतं त्यांच्याकडे जाऊन मला शब्द मागे घ्यावे लागले.

पण या चुकीनेच मूळ गोष्ट उलगडली. शेकोटीसमोर बसलं की चेहरा भाजतो आणि पाठ गार राहते. हवा तर दोन्हीकडे जवळपास तीच असते. भाजतं ते हवेने नव्हे, शेकोटीतून सरळ येणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी. शास्त्रात याला प्रारण म्हणतात. आमचं टीन ही दोनशे चौरस फुटांची उलटी टांगलेली शेकोटी होती. प्रत्येक वस्तू असं प्रारण करत असते, आणि ते तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. हिशेब करून पाहा. ६५ अंशांचं काळपट छप्पर दर चौरस मीटरमधून सुमारे ७४० वॉट खाली सोडतं. आपली कातडी साधारण ३५ अंशांची, ती ५१० वॉट परत करते. फरक २३० वॉट, तो आपल्या अंगात. छप्पर ४५ अंशांवर आणलं तर ते ५८० वॉट सोडेल, फरक उरेल ७०. म्हणजे छप्पर वीस अंशांनी उतरलं तर डोक्यावरचा मारा एकतृतीयांशाहून कमी होतो, आणि खोलीतल्या हवेचं तापमान एका अंशानेही बदललं नाही तरी हे घडतं.

आणि पंखा? तो छपराच्या किरणांना अडवत नाही. तो फक्त हवा हलवतो. हवा कातडीहून गार असेल तर ती अंगातली उष्णता नेते. ती कातडीहून गरम असेल तर उलट उष्णता अंगात घालते, आणि आपल्याला वाचवतो तो फक्त घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे दोनतृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातो, हे शरीराचं मोठं भांडवल आहे. पण त्यासाठी तेवढा घाम यायला हवा. वय वाढलं की तो कमी येतो. भाऊ तेव्हा साठीला आलेले, सकाळपासून चहावर, पाणी नावाला. कोरड्या हवेत चाळिशीच्या पुढे पारा गेला की नुसता पंखा अशा माणसाला भट्टीतल्या भात्यासारखा होतो. त्या दिवशी पंख्याचा वेग मीच वाढवला होता.

तेव्हा पहिलं काम हवेचं नाही, छपराचं. मे महिन्याच्या भर दुपारी आडव्या छपराच्या दर चौरस मीटरवर नऊशे-हजार वॉट ऊन पडतं. आमच्या शेडच्या हिशेबाने सतरा-अठरा किलोवॉट, म्हणजे दीड किलोवॉटचे अकरा-बारा हीटर एकाच वेळी छपरावर लावून ठेवल्यासारखं. गंजकं टीन त्यातला बहुतेक भाग पिऊन टाकतं. ताजा पांढरा चुना बहुतेक भाग परत फेकतो. चुन्याचा दुसरा गुण असा की तो पांढरा असूनही उष्णतेची किरणं सोडण्यात कंजूष नाही, त्यामुळे जेवढी उष्णता शिरते तेवढीही वरच्या वर आकाशाकडे जाते. चकचकीत टिनात हाच गुण नसतो. ऊन थोडं परतवतं, पण जे घेतलं ते धरून बसतं.

आम्ही पाडव्याच्या सुमारास दोन हात मारतो. चुना रात्रभर भिजवलेला, गाळलेला, त्यात चिकटपणाला थोडा फेविकॉल. पहिल्या वर्षी फेविकॉल न घालता मारला तर आठ दिवसांत पापुद्रे उडाले, आणि शेजारणीच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन पडले. त्याची कथा वेगळी. कोऱ्या जस्ती टिनावर मात्र ओला चुना चांगला नाही, तो जस्त खातो. तिथे छपरासाठी मिळणारा पांढरा ॲक्रिलिक रंग बरा. तो दोन-तीन वर्षं टिकतो, पण दर उन्हाळ्याच्या तोंडाला धुवावा लागतो, कारण धुळीने मळला की त्याचा अर्धा गुण गेला. चुना पावसात धुऊन जातो याची लोक तक्रार करतात. मला ती सोय वाटते, हिवाळ्यात ऊन आत आलेलं बरंच. अहमदाबादेने २०१०च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. तिथे सापडलेली गोष्ट काही नवी नाही. ती स्टीव्हन्सनच्या पेटीवर केव्हाची रंगवलेली आहे.

पेटीतली दुसरी गोष्ट, दुहेरी छप्पर. वऱ्हाडात टिनावर पऱ्हाटी किंवा तुराट्या टाकण्याची रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे, ऊन टिनापर्यंत पोचतच नाही. पण जिथे वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालतो तिथे ती नको. वाळलेल्या पऱ्हाटीला एक ठिणगी पुरते. आम्ही बांबूच्या चौकटीवर हिरवी जाळी टाकली, टिनापासून फूट-दीड फूट उंच. हे अंतर महत्त्वाचं. बरेच जण जाळी टिनावरच अंथरतात, मग जाळी तापते आणि ती उष्णता टिनालाच देते. मधून वारा वाहिला पाहिजे. खालून थर्माकोलचं छत लावायचा सल्ला मला अनेकांनी दिला. वार्निश, थिनर आणि सोल्डरिंगच्या जागेत थर्माकोल डोक्यावर घेऊन मी बसणार नाही. पेटला की जळते थेंब खाली पडतात. त्याऐवजी टिनाखाली चार बोटं जागा सोडून चंदेरी फॉइलचा पडदा ताणला, चकचकीत बाजू खाली. वर ठेवली तर तिच्यावर धूळ बसते आणि चकाकी मेली की फॉइलचा उपयोगही गेला.

एवढं झाल्यावर मग हवा. शेडमधली सगळ्यात गरम हवा टिनाला चिकटून बसलेली असते आणि तिला बाहेर जायला वाट नसते. आम्ही उंच भिंतीला, टिनाच्या लगेच खाली, वीत-दीड वीत उंचीची लांब फट पाडली आणि जाळी बसवली. समोरच्या भिंतीत, जमिनीलगत, उत्तरेच्या बाजूला दोन झरोके. वरची वाट आणि खालची वाट दोन्ही लागतात. नुसती वरची पाडून ‘फरक पडत नाही’ म्हणणारे खूप भेटले. गरम हवेच्या या ओढीचा जोर वाटांमधल्या उंचीवर आणि आत-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर ठरतो. साडेनऊ फुटांच्या शेडमध्ये तो फार नसतो. म्हणून छपरावर फिरणारे ते चकचकीत घुमट बुटक्या शेडवर मला पैशाची नासाडी वाटतात. उंच कारखान्यात ठीक.

आता कुलर. यावर आमच्या भागात प्रत्येकजण तज्ज्ञ असतो, मीही होतो. कुलर हवा गार करतो ते पाणी वाळवून, म्हणून त्याची मर्यादा ठरते हवेच्या कोरडेपणाने. ही मर्यादा घरी मोजता येते. तापमापकाच्या टोकाला ओली सुती वात गुंडाळायची आणि पंख्याच्या वाऱ्यात धरायची. पारा जिथे येऊन थांबेल त्याखाली जगातला कुठलाही कुलर जाऊ शकत नाही. मे महिन्यात अकोल्यात कोरडा पारा ४३ असताना ओला २२ ते २४ वर थांबतो, म्हणून इथे कुलर सत्तावीस-तीस अंशांची हवा देऊ शकतो. मुंबईत ३४ अंश आणि दमट हवेत ओला पारा अठ्ठावीसच्या आसपास असतो, तिथे कुलर हवा जेमतेम चार अंशांनी उतरवतो आणि वर ओल वाढवतो. आमच्याकडेही मृग लागला की कुलर संपला.

माझी चूक अशी की वर्षानुवर्षं कुलर शेडच्या आत ठेवून दार लावून घेत होतो. भिंतीवरचा तापमापक ४२ वरून ३४ वर यायचा, समाधान वाटायचं, आणि तरी तासाभरात डोकं दुखायचं. याचा उलगडा एका वेगळ्या मापाने झाला. अमेरिकेच्या मरीन दलाच्या प्रशिक्षण छावणीत जवान उन्हाने कोसळू लागले, तेव्हा १९५०च्या दशकात यॅग्लू आणि मिनार्ड यांनी हे माप बसवलं. त्याला डब्ल्यूबीजीटी म्हणतात. छपराखालच्या जागेसाठी हिशेब सोपा : ओल्या पाऱ्याचे सात हिस्से आणि काळ्या गोळ्याच्या पाऱ्याचे तीन हिस्से. काळा गोळा म्हणजे तांब्याचा पोकळ गोळा, बाहेरून काळा रंगवलेला, मध्ये तापमापक. तो हवेबरोबर छपराचं प्रारणही मोजतो. मी भंगारवाल्याकडून पाण्याच्या टाकीच्या जुन्या व्हॉल्व्हचा तांब्याचा फ्लोट आणला आणि चुलीच्या काजळीने काळा केला.

बंद शेड, कुलर नाही : ओला पारा २४, गोळा ५०. हिशेब ३१.८. बंद शेड, आत कुलर : ओला २८, गोळा ४३. हिशेब ३२.५. हवा आठ अंशांनी उतरली होती आणि शरीरावरचा ताण किंचित वाढलाच होता, कारण कोंडलेल्या ओलीत घाम वाळत नव्हता. मग कुलर खिडकीबाहेर सावलीत नेला, पलीकडच्या भिंतीची वरची फट उघडी, छप्पर पांढरं, जाळी वर. ओला २४.५, गोळा ३६. हिशेब २८. वीज तीच, कुलर तोच. पाणी मात्र भर दुपारी तासाला बारा-पंधरा लिटर खातो. नळ रोज येत नाही अशा गावात ही रक्कम लहान नाही, म्हणूनच छप्पर आधी आणि कुलर मागून. टिनावर ओली पोती टाकण्याचा प्रयोगही केला. गंजक्या टिनावरचं ऊन नुसत्या पाण्याने उतरवायचं तर आमच्या शेडला तासाला वीस-बावीस लिटर लागतात. तेच काम चुना बिनपाण्याने करतो.

राहिली आतली उष्णता. स्टेटर सुकवायला आम्ही दोनशे वॉटचे बल्ब लावायचो, वार्निशची भट्टी कोपऱ्यात. एक युनिट वीज जळली की एक युनिट उष्णता शेडमध्ये येणारच. भट्टी बाहेर पडवीत काढली. सुकवण्याचं काम तर उन्हालाच सांगितलं : काळ्या टिनाच्या पेटीत स्टेटर ठेवून छपराच्या कडेला. जी शेकोटी आम्हाला भाजत होती ती निदान कामाला लागली. वेढे मोजणं, जोड देणं ही डोक्याची कामं सकाळी सहा ते अकरा. टिनाचा एक गुण मान्य केला पाहिजे, ते जितक्या लवकर तापतं तितक्याच लवकर निवतं. सिमेंटचा स्लॅब रात्री दहापर्यंत ऊन ओकत असतो, टीन सूर्य गेल्यावर तासाभरात गार. म्हणून उरलेलं काम संध्याकाळी.

१९४८च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमात लिहिलं गेलं की भिंती आणि छप्पर अशा साहित्याचे व अशा रचनेचे असावेत की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील. छपराचा उल्लेख तिथे होता, हे वाचून मला नवल वाटलं. पण तो कायदा ठरावीक संख्येहून अधिक कामगारांच्या जागेला. दोन भावांच्या शेडला, पापड लाटणाऱ्या बाईच्या पडवीला, घरातल्या शिलाई मशीनला तो विचारत नव्हता.

आमच्या मागच्या गल्लीत एक ताई ब्लाउज शिवतात. भाड्याची खोली, वर टीन, आठ फुटांवर. माझं ऐकून त्यांनी घरमालकाला चुन्याचं विचारलं. तो नाही म्हणाला, टीन सडतं म्हणून. जाळी लावायला छपरावर चढू देत नाही. मग आम्ही त्यांच्या दोन जुन्या सुती साड्या टिनाखाली वीतभर अंतरावर ताणून बांधल्या, ठिणगीचा तिथे प्रश्न नाही. टीन आणि माणूस यांच्यात एक पडदा आला की प्रारण साधारण निम्म्यावर येतं. मशीनजवळ काळा गोळा ४९ दाखवत होता, तो ४४ वर आला. त्यांनी मला विचारलं, हे पुरेसं आहे का? मी हिशेब करून नाही म्हणालो. दुपारी बारा ते चार मशीन बंद ठेवा म्हटलं. त्या म्हणाल्या, लग्नसराईत कशी ठेवू? आता फॉइल आणून साडीच्या वरच्या बाजूला शिवून पाहायचं ठरलं आहे. शिवणार त्याच, गोळा माझा. येत्या उन्हाळ्यात माप घेऊ.